कोपरापर्यंत माती

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी तुम्ही कधी सकाळी साडेसहाला आलात आणि तिथं एक पासष्टीचा गृहस्थ पालथा पडलेला दिसला, गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले आणि उजवा हात कोपरापर्यंत जमिनीत गेलेला, तर घाबरू नका. ॲम्ब्युलन्सला फोन करू नका. मी केला होता.

त्याला आता दोन वर्षं झाली. मे महिना होता आणि माझ्या नोकरीचा तिसरा दिवस. हिंगोलीकडचं गाव, आठवीत सुटलेली शाळा, बायको आणि मुलगी मागं ठेवून मी अंबरनाथला आलेलो. आधी आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगला होतो. तिथलं कंत्राट संपलं आणि कुणाच्या तरी ओळखीनं अंबरनाथ पूर्वेच्या या सोसायटीत वॉचमन म्हणून लागलो. मिळालेली गोष्ट हातातून सुटेल ही धाकधूक मला पहिल्यापासून आहे. गेटला कुलूप लावलं की मी तीनदा ओढून बघतो, आणि केबिनपर्यंत येऊन परत एकदा जातो. अशा माणसाला तिसऱ्याच दिवशी ड्युटीवर एक फ्लॅटवाला मरून पडलेला सापडला तर त्याचं काय होईल?

मी बोंब मारली. दिसेल ती बेल दाबली. तळमजल्यावरच्या भोईर मावशी कांदा घेऊन धावत आल्या. फीट आली असेल तर हुंगवायला. दोघं-तिघं पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. मावशींनी कांदा फोडून त्या गृहस्थांच्या नाकाशी धरला, तेव्हा प्रेतानं डोळे न उघडता सांगितलं, "मावशी, कांदा घरी न्या. आणि तू, नवीन वॉचमन, सावली सोड. रीडिंग चुकतंय."

तर हे साळवे काका.

काका बत्तीस वर्षं शहाडच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांना ते स्वतः सांगतात, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनाही सांगतात. त्यांच्या मते गेज खोटं बोलतं, तळवा बोलत नाही. पाइपवर तळवा ठेवून आतली वाफ किती तापली आहे हे ते सांगत, आणि साहेब मग गेज ठोकून बघत. निवृत्त झाल्यावर घरी बॉयलर नाही. कुकरवर तळवा ठेवून काही दिवस काढले. मग एका उन्हाळ्यात त्यांनी सोसायटीच्या मागच्या जमिनीवर तळवा ठेवला आणि तेव्हापासून त्यांना एकच विषय आहे: झाड कधी लावायचं.

कुठलं लावायचं हा त्यांच्या लेखी प्रश्नच नाही. "कुठलंही लाव. कधी लावतोस ते सांग."

त्यांचं शास्त्र असं. उन्हाळाभर जमीन तापलेली असते. चार सरी पडल्या की वरची चार बोटं माती गार होते आणि लोक खुळ्यासारखे रोपं घेऊन धावतात. "वरून गार, आत भट्टी. कोवळी मुळं आत गेली की उकडतात. थंड बॉयलरवर एकदम लोड देतं का कोणी? मग तापलेल्या जमिनीत झाड कसं देतोस?" म्हणून आधी खड्डे काढायचे ते वैशाखात, उन्हात चांगले भाजू द्यायचे, माती आणि शेणखत घालून भरायचे, मग थांबायचं. रोज सकाळी सळईनं भोक पाडायचं, हात कोपरापर्यंत घालायचा आणि मोजायचं. बसून हात कोपरापर्यंत जात नाही आणि गुडघे दुखतात, म्हणून ते झोपतात. झोपण्यामागं एवढंच कारण आहे. पण हे कुणी विचारत नाही. सगळे थेट कांदा आणतात.

सोसायटीत त्यांना सगळे मागून 'मुहूर्तकाका' म्हणतात. हे त्यांच्या कानावर गेलं की ते पेटतात. काका आयुष्यात कधी पंचांगाला शिवलेले नाहीत. घरी दर बुद्धपौर्णिमेला खीर व्हायची, लग्नाची तारीख मामाची सुट्टी बघून ठरवली होती, नवं घर अमावास्येला घेतलं कारण त्या दिवशी टेम्पो रिकामा होता. "मुहूर्त नाही, तापमान!" असं ते लिफ्टमध्ये ओरडतात. समोरचा बिचारा दुसऱ्या मजल्यावर उतरणारा असतो, तो घाबरून चौथ्यावर जातो.

आता माझ्या पोटावर हे कसं आलं ते सांगतो.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीनं मागच्या भिंतीलगत चाळीस झाडं लावली. बॅनर लागला, समोसे आले, फोटो निघाले. आमचे सेक्रेटरी हेमनानी शेठ, उल्हासनगरला त्यांचं जीन्सचं दुकान आहे, पांढरे बूट घालून पहिल्या झाडाला पाणी घालत होते. साळवे काका गॅलरीतून ओरडत होते, "अजून भट्टी आहे! मारताय त्यांना!" खालून कुणीतरी त्यांना समोसा दाखवला.

नंतर सतरा-अठरा दिवस थेंब नाही. मी पाइप ओढून ओढून पाणी घातलं. खोटं नाही सांगत, सकाळ-संध्याकाळ घातलं. तरी झाडं एकेक करून गेली. शेवटी चाळीस काठ्या उभ्या राहिल्या, सुतळीसकट. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी वाचून दाखवलं, 'वॉचमनच्या निष्काळजीपणामुळे'. मी दाराशी उभा होतो. हेमनानी शेठ म्हणाले, "बघ सुदाम, माझा मन मोठा आहे. पण नेक्स्ट इयर झाड गेला तो तू पण गेला. फायनल."

तेव्हा मागच्या खुर्चीवरून साळवे काका उठले.

"झाडं याच्यामुळं नाही मेली. तारखेमुळं मेली. पुढच्या वर्षी वेळ मी ठरवणार. झाडं मेली तर मला काढा."

"काका, तुम्ही ओनर आहे. तुम्हाला कुठून काढणार?"

"मग याला पण काढायचं नाही!"

सगळे हसले, पण काका बसले नाहीत. शेठनी 'ठीक आहे बाबा' म्हणेपर्यंत उभे राहिले. तोवर माझी आणि त्यांची ओळख 'सावली सोड' एवढीच होती. माझ्यासाठी या शहरात असं कुणी उभं राहिलं नव्हतं. मी गेटचं कुलूप चारदा ओढून पाहिलं आणि मग केबिनमध्ये जाऊन रडलो.

यंदा एप्रिलपासून आमची तयारी सुरू झाली. मी खणायचं आणि काकांनी खड्ड्यात उतरून उभं राहायचं. काठ त्यांच्या गुडघ्याच्या वाटीपर्यंत येईल इतका खोल खड्डा हवा, असं त्यांचं माप. टेप होता, पण टेपही त्यांच्या मते गेजच. चाळीस खड्डे म्हणजे काका चाळीस वेळा उतरले आणि चाळीस वेळा मी त्यांना बगलेत धरून वर काढलं.

भोईर मावशी पायरीवर बसून बघायच्या. मावशी इथल्याच. आमची इमारत उभी आहे ती त्यांच्या सासऱ्याच्या भातशेतावर, आणि त्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्या राहतात. बदलापूरच्या बाजूला, कात्रपच्या पुढं त्यांचा एक तुकडा अजून आहे, तिथं त्या दर पावसाळ्यात लावणीला जातात. त्यांच्यापुढं काकांनी जमिनीवर व्याख्यान द्यायचं म्हणजे कमाल होती.

"बग रं पोरा," त्या मला म्हणायच्या, "माज्या सासऱ्याच्या शेतान मना माती शिकवतंय! आरं सालवे, तुजा बॉयलर पिकला व्हता का कदी?"

"मावशी, हा हीट ट्रान्सफरचा विषय आहे."

"व्हय, व्हय. ट्रान्सफर झाली तुजी आमच्या डोक्यावर."

काका हे सगळं ऐकून घेत आणि संध्याकाळी मावशींनी दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकटही घेत. काकू जाऊन चार वर्षं झालीत. मुलगी नाशिकला दिली आहे, ती रोज फोन करते. काकांना भात आणि अंडं एवढंच करता येतं, आणि अंडं ते घड्याळ लावून उकडतात.

जून आला आणि सरी आल्या. लगेच हेमनानी शेठ. "काका, आख्खा दुनिया या आठवड्यात झाड लावतो. भाऊंना मी बोलावलाय. बॅनर छापला. तुम्हालाच काय प्रॉब्लेम?"

भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातलं मोठं प्रस्थ. त्यांना 'नंतर या' म्हणणं म्हणजे पाण्याची लाइन विसरणं. मी मध्ये उभा. एकीकडं शेठ, दुसरीकडं काका.

काकांनी थोडा विचार केला. म्हणाले, "बोलवा भाऊंना. फोटो काढा. लावू नका."

भाऊ आले. पहिल्या खड्ड्यात जांभळाचं रोप पिशवीसकट ठेवलं आणि पिशवीभोवती माती लोटली. भाऊंनी झारीनं पाणी घातलं, टाळ्या झाल्या, फोटो झाला. गाडी गेटबाहेर पडली तशी काकांनी रोप उचललं, पिशवी झटकली आणि परत केबिनच्या सावलीत ठेवलं. शेठ बघतच राहिले.

"काका, हे तर चीटिंग आहे!"

"फोटो खरा आहे ना? झाड पण खरं आहे. फक्त दोघांची वेळ वेगळी आहे."

शेठना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वतःचे तीन वेगवेगळ्या खड्ड्यांत तीन फोटो काढून घेतले. रोप तेच.

त्यानंतर सुरू झाला तो काकांचा खरा हंगाम. लिफ्टच्या शेजारी त्यांनी एक पाटी लावली. शाळेतली, लाकडी चौकटीची. त्यावर रोज सकाळी सात वाजता खडूनं लिहायचं: 'जमीन: तयार नाही. – साळवे.' पहिले दोन दिवस पोरं हसली. मग लोकांना सवय लागली. ऑफिसला पळणारा माणूसही लिफ्टचं दार उघडलं की आधी पाटी बघायचा.

"काका, आज पण नाही?"

"आतून कोमट आहे."

"काका, काल तर एवढा कोसळला!"

"कोसळला तुमच्या छत्रीवर. खाली चार बोटं गेलाय."

पाटीच्या खाली पुराव्यादाखल मातीचे लाडू. ही त्यांची दुसरी परीक्षा. खालची मूठभर माती दाबून लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. भुगा झाला तर कोरडी, चिखलासारखा चपटा बसला तर जास्त ओली, आणि दोन-तीन तुकडे झाले तर वेळ आली. हे लाडू ते सगळीकडं विसरायचे. लिफ्टमध्ये, मीटरच्या पेटीवर, पहिल्या मजल्याच्या कठड्यावर. सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमच्या पाहुण्यांनी एक उचलून जवळजवळ तोंडात घातला होता. कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे असतील असं त्यांना वाटलं.

मग चहा सुरू झाला. पाटीपाशी उभ्या असलेल्या काकांना कुणी कप आणून द्यायचं, कुणी 'घरात या ना, यांना पण समजावून सांगा' म्हणायचं. मग डबे सुरू झाले. मेथीचे पराठे, शिरा, हेमनानी शेठच्या घरून कढी-भात. आता, आपल्याकडं शेजारचा डबा रिकामा परत करायची पद्धत नाही. काकांना तर करता काही येत नाही. ते घासलेल्या डब्यात त्या दिवशीचा मातीचा लाडू ठेवून परत पाठवायचे. शेठच्या बायकोनं तो देवापाशी ठेवला. काय आहे ते विचारायची तिला लाज वाटली.

असे दिवस चालले होते. जून संपला, जुलै लागला. पाटीवर रोज तेच. केबिनच्या बाजूला चाळीस रोपं पिशव्यांत उभी: जांभूळ, करंज, बहावा, ताम्हण. काहींची मुळं पिशवीच्या भोकांतून बाहेर डोकावायला लागली. मी रोज त्यांची पानं मोजल्यासारखी बघायचो. एक पान पिवळं झालं की माझं जेवण जायचं नाही.

गावाहून बायकोचा फोन यायचा. "लावली का झाडं?"

"नाही. काका म्हणतेत जमीन तयार नाही."

"आवो, हितं पेरण्या होऊन गेल्या. तुमच्याकडची जमीन काय आंघोळीला बसली का?"

एका शुक्रवारी हेमनानी शेठ गाडीतून उतरले ते सरळ रोपांपाशी गेले. आज हसत नव्हते. "सुदाम, हे इथेच मरणार. काकांना मी बोलू शकत नाही, एज्ड माणूस आहे. पण कमिटी मला विचारणार. संडेपर्यंत जमिनीत नाही गेला, तो मंडेला मी दुसरा वॉचमन बघतो. मला पण चांगला नाही वाटत."

त्यांना खरंच चांगलं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

मी काकांकडं गेलो नाही. जायची हिंमत झाली नाही. ज्यांनी माझ्यासाठी भर मीटिंगमध्ये उभं राहून शब्द दिला, त्यांना जाऊन 'काका, घाई करा' कसं म्हणायचं? मी पायरीवर बसलेल्या भोईर मावशींना सांगितलं. त्या लावणीहून आल्या होत्या. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तू शेतकऱ्याचा ना रं?"

"हो."

"मग तुजा हात कुटं ग्येला?"

एवढंच म्हणाल्या आणि पाय धुवायला आत गेल्या.

दुपारी दोन वाजता सोसायटी झोपलेली असते. मी मागं गेलो. पहिल्या खड्ड्याशी सळईनं भोक पाडलं. गुडघे माझे चांगले आहेत, पण का कोण जाणे, मी पण पालथा झोपलो. हात कोपरापर्यंत आत घातला.

गार. वर गार, मनगटाशी गार, कोपराशी गार. पहाटे माठात हात घातल्यासारखं. बोटाला काहीतरी वळवळलं, गांडूळ होतं. मूठभर माती काढली, लाडू वळला, कमरेवरून सोडला. तीन तुकडे. दुसऱ्या खड्ड्यात तेच, सातव्यात तेच, थेट शेवटच्या, नाल्याकडच्या खड्ड्यातही तेच. आणि ही काही आज सकाळी झालेली गोष्ट नव्हती. गांडुळं वर यायला दिवस जातात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं आणि मी माझ्याच हाताला विचारायचं सोडून दिलं होतं.

हात तसाच मातीनं भरलेला घेऊन मी वर गेलो. काकांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून डबे पुसत होते. ओट्यावर ओळीनं अकरा-बारा डबे. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली: 'सी-३०२, मेथी पराठा, सोमवार.' 'ए-१०४, शिरा, केशर घातलेला.' 'हेमनानी, कढी.' बॉयलरच्या लॉगबुकात लिहावं तसं सरळ अक्षर.

त्यांनी माझा हात बघितला. पुसायचे थांबले.

"किती दिवस झाले, काका?"

"कशाला?"

"जमीन तयार होऊन."

ते एका झाकणावरचा थेंब बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "सहा."

मी ओट्याजवळ गेलो.

"रोज सकाळी ठरवून जायचो, आज लिहायचं. खडू हातात घ्यायचो. तेवढ्यात कुणीतरी लिफ्टमधून विचारायचं, काका, आज काय? अरे, या ३०२ च्या मॅडम, अकरा महिने लिफ्टमध्ये मोबाइल बघतात. परवा मला विचारलं, काका, तुम्हाला तिखट चालतं का?" त्यांनी डबा ओळीत सरळ लावला. "एकदा झाडं लागली की पाटी काढावी लागणार. मग काय विचारतील?"

"काका, शेठ म्हणाले, रविवारपर्यंत–"

"माहितीये. मला मावशींनी आत्ता येऊन झापलंय." ते स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसले. "झाडांना काही झालं नसतं, सुदाम. दहा-बारा दिवस धकतात. ते मी मोजून ठेवलं होतं. पण तुझं मोजलं नाही. ती चूक झाली."

बत्तीस वर्षं ज्याचं रीडिंग साहेबसुद्धा खोडत नव्हते, तो माणूस एका वॉचमनसमोर चूक झाली म्हणत होता. माझ्याच्यानं बघवेना. मी म्हणालो, "काका, सहाव्या दिवशी लावलेलं चालतं ना?"

"पळतं," ते म्हणाले. "आत्ता तर गांडुळंसुद्धा वर आलीत. पण तुला कसं कळलं?"

मी हात पुढं केला. त्यांनी माझ्या तळव्यावरची माती बोटानं चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "नाल्याकडचा खड्डा. बरोबर?"

"बरोबर."

शनिवारी सकाळी पाटीवर मोठ्या अक्षरांत होतं: 'जमीन: तयार. आज चार वाजता. सर्वांनी यावे. जुन्या चपला घालून यावे. – साळवे, सुदाम.' माझं नाव सोसायटीत कुठं लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे दुसऱ्यांदा. पण मीटिंगच्या त्या कागदावर नुसतं 'वॉचमन' होतं.

आणि काय सांगू, सगळी सोसायटी खाली उतरली. एवढे दिवस रोज पाटी वाचलेली होती, आता लावणीला हजर नाही राहिलं तर काहीतरी बुडाल्यासारखं वाटलं असणार. आभाळ भरलेलं, ऊन नाही, काकांना हवं होतं तसं. काका शिट्टी घेऊन मधोमध उभे. "पिशवी फाडा! मुळांचा गड्डा फोडू नका! मानेच्या वर माती नको, गुदमरतं! टाचेनं दाबा, नाचू नका!" सी-३०२ च्या मॅडमनी ताम्हण लावला आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलल्या. हेमनानी शेठ पांढऱ्या बुटांतच आले आणि तिसऱ्या खड्ड्याशी घसरून बसले. उठायच्या ऐवजी बसूनच त्यांनी बहावा लावला.

"अरे साईं, आता कळला," ते ओरडले, "काका झोपतात का ते! असंच लागतं बरोबर!"

भोईर मावशी कुणाचंही झाड वाकडं दिसलं की जाऊन पुन्हा लावत होत्या. काकांपाशी येऊन त्या म्हणाल्या, "सालवे, काम चांगला झाला." तीन महिन्यांत मावशींच्या तोंडून पहिला सरळ शब्द. मग त्या म्हणाल्या, "येवढा बॉयलर फुटला नाय म्हंजे झाला." काकांचा जीव भांड्यात पडला.

सहापर्यंत चाळीस झाडं जमिनीत होती. शेठनी भजी मागवली. मी काठ्या बांधत होतो, आणि दर दोन काठ्यांनी मागं वळून बघत होतो की हे सगळं खरंच आहे ना. संध्याकाळी काकांनी पाटी उतरवली, फडक्यात गुंडाळली आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत वर निघून गेले.

झाडं जगली. चाळीसपैकी अडतीस. गणपतीच्या आधी पाहिलं तर करंजांना बोटबोटभर नवे फुटवे होते. कमिटीत शेठनी माझं नाव घेतलं. स्वतःच्या नावाचा बोर्डही लावला, पण माझं नाव घेतलं. सोसायटीनं माझं काम पक्कं केलं. मीटिंग सुटल्यावर शेठ केबिनशी थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बोल सुदाम, काय पाहिजे तुला? शरमाऊ नको."

मी आजवर कुणाकडं काही मागितलेलं नाही. मागितलं की आहे ते जातं, असं मला वाटतं. शेठ मोबाइल बघायला लागले तेव्हा कुठं माझा आवाज फुटला.

"शेठ, केबिनमध्ये एक खुर्ची आणखी पाहिजे."

"खुर्ची? वॉचमन तर एकच आहे. दुसरी कोणासाठी?"

"पाहिजे," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्यांची नजर वर गेली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत साळवे काका उभे होते. पाऊस नव्हता, काम नव्हतं, विचारणारं कुणी नव्हतं. नुसते कठड्यावर तळवे ठेवून उभे होते. दुसऱ्या दिवशी शेठच्या दुकानाच्या टेम्पोतून लाल प्लास्टिकची खुर्ची आली, हातवाली.

मी ती पुसून माझ्या खुर्चीशेजारी ठेवली आणि वर बघून हाक मारली. काका खाली यायला बराच वेळ लागला. शर्ट बदलून आले होते. खुर्चीसमोर उभे राहिले, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कोण येणार आहे?"

"आलेत की," मी म्हणालो.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग सावकाश, दोन्ही हातांवर भार देऊन, बसले. गेटमधून मुलांची रिक्षा आत आली. काकांनी रिक्षावाल्याला हात केला, जणू ते इथंच रोज बसतात.